डाव्या बाजूचं पेडल

माझ्या वडिलांचा डावा पाय गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते सागवानाच्या एका ठेकेदाराकडे ट्रक चालवायचे. आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं चांदाच. एटापल्लीच्या बाजूच्या जंगलातून लाकूड भरायचं आणि बल्लारशाला रेल्वेपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. महिन्यातले वीस दिवस ते रस्त्यावरच असत.

एका नाल्याच्या काठी ट्रक भरताना साखळी सुटली आणि वरचा ओंडका खाली आला. बरोबर दोनच माडिया मजूर होते. दोघांनी जोर लावून पाहिला, ओंडका हलेना. मग माणसं आणि बैल आणायला ते दोघंही पुढच्या वस्तीकडे धावले. सकाळी घडलेली गोष्ट, लोक येऊन ओंडका काढेपर्यंत उन्हं कलली होती. चांद्याच्या दवाखान्यात पाय मांडीपासून कापला. दोन महिन्यांनी बाबा दोन कुबड्यांवर घरी आले तेव्हा मी त्यांना ओळखलं ते फक्त खोकल्यावरून.

त्यानंतर ते दिवसभर सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून राहायचे. रस्त्यावरून ट्रक गेला की मान न वळवता सांगायचे, कोणाचा आहे, भरलेला आहे की रिकामा, आणि चालवणारा गियर कुठे चुकला. इतकंच बोलणं. माय जेवायला वाढायची, ते अर्धं ठेवायचे.

ठेकेदाराने नुकसानभरपाई म्हणून काही रक्कम हातावर ठेवली होती. मायला त्यात धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, घ्यायची होती.

"बांधी घेऊ," ती म्हणाली. "घरचा तांदूळ तरी होईल."

"मी डायवर आहो," बाबा म्हणाले. "चिखलात मले उभं राहता येत नाई. गाडीत बसता येते."

"गाडी कोण देऊन राह्यलं तुमाले?"

"कोणी नाई. बनवतो."

माय हसली नाही, भांडलीही नाही. तिने सुपातले तांदूळ पुन्हा पाखडायला घेतले. ते आधीच पाखडून झालेले होते.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेला माल तेव्हा नागपुरात मिळायचा. तिथल्या एका भंगारवाल्याकडे मोडक्या गाड्या असतात हे बाबांना ट्रकच्या फेऱ्यांमुळे ठाऊक होतं. बरोबर येण्यासाठी त्यांनी गावातल्या कुठल्या जाणत्या माणसाला विचारलं नाही. मला म्हणाले, "तू चाल." मी चौथीत होते. परीक्षा जवळ आली होती. पण बल्लारशाहून आगगाडीत बसायचं म्हटल्यावर मला परीक्षा कुठली आठवणार.

तो भंगाराचा वाडा मला अजून दिसतो. पत्र्याचं कुंपण, आत गंजलेल्या गाड्यांच्या रांगा, सगळीकडे सांडलेलं काळं तेल. बाबा एका खोक्यावर बसले आणि मालकाने एकेक गाडी दाखवायला सुरुवात केली. एक जीप होती, टपाविना, पण इंजिन चांगलं. एक मोठी डबा गाडी होती. आणि एका कोपऱ्यात एका छोट्या विलायती मोटारीचा सांगाडा होता; वरचं अंग पूर्ण गेलेलं, इंजिन कधीचं बंद पडलेलं, पुढचे दोन दिवे मात्र शाबूत.

प्रत्येक गाडीजवळ बाबा मला म्हणत, "आत बस. डावीकडचं पेडल दाब."

जीपचं पेडल दाबायला मी उभी राहिले, तरी ते अर्धंच गेलं. डबा गाडीचं तर हललंच नाही. मालक मोठ्याने हसला. "अरे भाई, गाडी ये बच्ची चलाएगी क्या?"

बाबा हसले नाहीत. छोट्या गाडीचं पेडल मी दाबलं, ते तळापर्यंत गेलं. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा दाबलं. त्यांनी मला दहा-बारा वेळा दाबायला लावलं आणि विचारलं, "पाय दुखते का?"

"नाई."

"मंग हीच घेऊ. तुले आवडली ना?"

मला ती दिव्यांमुळे आवडली होती. मी हो म्हटलं. जंगलातल्या रस्त्याला जीपच बरी, ही गाडी बुटकी आहे, दगडाला घासेल, हे न कळण्याइतके ते अडाणी नव्हते. गाडी मी निवडली असं मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होते.

ठेकेदाराच्या परतीच्या ट्रकमधून ते सगळं तुकड्यातुकड्यांनी आमच्या अंगणात आलं. बाबांनी पळसाच्या पानांचा मांडव घालून घेतला आणि खाली गोणपाटं अंथरली. पहिला महिना आम्ही फक्त उघडत आणि धूत होतो. ते जमिनीवर बसून नट सैल करायचे, मी तो राकेलच्या घमेल्यात धुवायची आणि गोणपाटावर ओळीने मांडायची. ओळ चुकली तर ते रागवत नसत, पण हात थांबवून माझ्याकडे पाहत राहत. ते पाहणं मला नको व्हायचं. मी ओळ शिकले.

माझी बोटं बारीक, म्हणून जिथे त्यांचा हात जात नसे तिथले बोल्ट माझे. व्हॉल्व्ह घासायचं काम तर पूर्ण माझंच होतं. काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली खरखरीत मलम लावायचं आणि काठी दोन तळहातांत धरून ताक घुसळावं तशी फिरवायची. मलमाचा करकर आवाज हळूहळू मऊ होतो. मऊ झाला की उचलून बघायचं. बाबा डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "अजून." मी फिरवत राहायची. त्या आठ व्हॉल्व्हपैकी एकही पुढे कधी गळला नाही. आयुष्यात माझ्या हातून इतकं नीट झालेलं दुसरं काम मला चटकन आठवत नाही.

शाळेचे गुरुजी एकदा घरी आले. "भाऊ, पोरगी हुशार आहे. परीक्षा चुकली, आता पुन्हा नाव घालू," असं म्हणाले.

बाबा म्हणाले, "गाडी होऊ द्या, गुरुजी. मंग पाठवतो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मी मान खाली घातली. मला जायचं नव्हतं, हे खरं आहे. बाबा माझ्याशी बोलत होते, दिवसभर बोलत होते, आणि ते फक्त त्या मांडवात. शाळेत गेले असते तर ते बोलणं कोणाशी झालं असतं? गुरुजी पाणी पिऊन गेले. मी पुन्हा शाळेत कधीच गेले नाही.

पिस्टनची एक रिंग माझ्या हातून मोडली. ती बिडाची असते, जरा जास्त फाकवली की कट्कन तुटते. तुटलेले दोन तुकडे हातात घेऊन मी रडायला लागले. बाबांनी ते तुकडे माझ्या हातातून घेतले, जोडून पाहिले आणि खिशात टाकले. दुसरी रिंग नागपूरहून यायला पावसाळा संपला. तेवढे महिने ते पुन्हा सपरीत जाऊन बसले. ते मला काही बोलले नाहीत. पण माय एकदा चुलीजवळ म्हणाली, "तुया हातानं तुटली ते बरं झालं. त्यायच्या हातानं तुटली असती तं त्यायनं ते सगळंच सोडलं असतं." मला ते तेव्हा समजलं नाही.

गाडीचं अंग बांधायची वेळ आली तेव्हा आमच्याकडच्या लोकांना वाटलं, सागवानाच्या मुलखात काय कमी! डेपोतून टाकाऊ फळ्या फुकट मिळाल्या असत्या. बाबा म्हणाले, "सागवान नको." एवढंच. मग ऐनाच्या लाकडाची चौकट झाली आणि बाजूंना बांबूचे तट्टे बसले. लोक गाडीला ढोली म्हणायचे, म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी. बाबांना ते ऐकू यायचं.

तट्टे बसवायच्या आधी लोहार आला. त्याने एक लोखंडी दांडा आणला होता, गाडीच्या रुंदीचा. दांडा खालून आडवा बसला आणि क्लचच्या पेडलला जोडला गेला. त्याच्या दुसऱ्या टोकाला, डाव्या बाजूच्या बैठकीसमोर, एक नवं पेडल आलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"तुह्यासाठी," बाबा म्हणाले. "ब्रेक आणि रेस मी उजव्या पायानं करतो. क्लच तुया. मी 'दाब' म्हणलं का दाबजो, 'सोड' म्हणलं का हळू सोडजो. तू माहा डावा पाय."

तेव्हा मला नागपूरचा तो वाडा आठवला आणि मालकाचं हसणंही. आपल्याला का बसवलं होतं ते मला कळलं. आधी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मग मनात आलं: मी जर चुकले तर?

इंजिन पहिल्यांदा चालू केलं ते मायने. पुढून दांडा फिरवावा लागायचा. बाबांना कुबडीवर तोल सांभाळता येईना आणि माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं. माय दीड वर्ष त्या गाडीकडे पाठ करून वावरली होती. ती पदर खोचून आली. "सांगा, कसा फिरवाचा," म्हणाली. बाबांनी तिला अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायला सांगितलं, दांडा उलटा आला तर मनगट मोडतं म्हणून. रोवण्या-कापण्यांनी घट्ट झालेले तिचे हात. चौथ्या फिरवणीला इंजिन फटफटलं, थांबलं, पुन्हा फटफटलं आणि चालू राहिलं. कोंबड्या उडाल्या. रस्त्याने बाजाराला जाणारे लोक टोपल्या डोक्यावर घेऊन तसेच उभे राहिले. बाबांनी डोळ्यांवर हात धरला. माय दांडा खाली ठेवून घरात गेली ती लवकर बाहेर आली नाही.

आम्ही दोघं मग चालवायला शिकलो. शिकलो असंच म्हणायला हवं, कारण वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूसही माझ्या पायाने पहिल्यांदाच चालवत होता. गाडी गचके खायची, बंद पडायची. मी घामाघूम व्हायची. महिनाभरात इतकं जमलं की त्यांना 'दाब' म्हणावं लागत नसे. इंजिनचा आवाज चढला की माझा पाय आपोआप जाई आणि त्यांचा हात गियरवर येई.

ठेकेदाराच्या कारकुनाने गाडी पाहून सांगितलं की जंगलतोडीच्या कूपावर माणसं ने-आण करायला तुम्हाला ठेवू, पण लायसन लागेल. जुनं लायसन पाय गेल्यावर संपलं होतं. म्हणून आम्ही चांद्याला गेलो, पहाटे निघून, मध्ये दोनदा पंक्चर काढून. वाटेत बाबा गाणं गुणगुणत होते. मी त्यांना गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

कचेरीतले साहेब भले गृहस्थ होते. ते स्वतः बाहेर आले, गाडीभोवती फिरले, इंजिन पाहिलं. "तुम्ही बांधली?" त्यांनी विचारलं.

"मी आणि पोरीनं."

"चालवून दाखवा."

आम्ही कचेरीला वळसा घालून आलो. एकही गचका नाही. साहेबांनी वाकून आत पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं.

"क्लच ही दाबते?"

"होय साहेब."

"ही किती वर्षांची?"

मी तेरा म्हणून सांगितलं.

"दोघांत मिळून एक लायसन मला देता येत नाही," साहेब म्हणाले. ते कठोर आवाजात बोलले नाहीत. "असं करा. क्लचला हाताचा लिव्हर लावून घ्या. कुठलाही लोहार करेल, दिवसाचं काम आहे. एकटे चालवून दाखवा, मी लगेच सही करतो. यायचं तेव्हा सरळ माझ्याकडे या."

"करतो साहेब," बाबा म्हणाले.

परतीला गाणं नव्हतं. मला वाटलं उद्याच लोहार येईल. तो आला नाही. आठ दिवसांनी मी विचारलं, ते म्हणाले, "करू." महिन्याने विचारलं, "करू." कारकुनाने दुसरी गाडी ठेवली. आमची गाडी मग गावापुरती राहिली. कोणी आजारी असलं की न्यायची, आलापल्लीच्या बाजाराला एखादी फेरी, तीही पोलीस नसतील अशा बेताने. दरवेळी मी डाव्या बाजूला. माझ्या वयाच्या मुली मोहफुलं वेचायला जात, तिथे हसत-खिदळत. मी कुठे लांब गेले तर बाबा सपरीतून रस्त्याकडे बघत बसत. म्हणून मी जात नसे.

सोळावं लागलं तेव्हा माझं लग्न ठरलं. मुलगा ब्रह्मपुरीकडचा, घरी धानाची शेती. माय मोकळी झाली. बाबांनी पाहुण्यांपुढे मान डोलावली. त्यांनी काही विरोध केला नाही.

लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा मी स्वतः लोहाराकडे गेले आणि त्याला घेऊन आले. त्याने माप काढायला गाडीखाली डोकं घातलं. बाबा कुबड्या टेकत मांडवात आले.

"कायले आणलं याले?"

"लिव्हर लावाले. मी गेल्यावर तुमी एकटे चालवाल."

"जा गा तू," ते लोहाराला म्हणाले. लोहाराने माझ्याकडे पाहिलं, हत्यारं उचलली आणि गेला.

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. "तीन वर्ष झाले, बाबा! एका दिवसाचं काम होतं. साहेबानं सांगितलं होतं. काऊन नाई केलं? माही शाळा गेली, सगळं गेलं, मी त्या पेडलापाशी बसून राह्यली. काऊन?"

ते गाडीच्या पायरीवर बसले. कुबड्या बाजूला ठेवल्या. बराच वेळ बांबूच्या तट्ट्यावर नख घासत राहिले.

"केलं होतं," ते म्हणाले.

"काय केलं होतं?"

"लिव्हर. चांद्याहून आल्यावर मीनंच बनवला होता, तारेचा. तू आन् तुही माय पाहुणपणाले गेल्या होत्या तवा लावला. चालला बी नीट. त्या वळणापतूर गेलो." त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "पुढं झाडी लागली आन् मले दिसलं का गाडीत कोणी नाई. मी एकटा. हातपाय गार पडले, बाई. गाडी तिथंच बंद केली. त्या दिवशी त्या नाल्यावर मी ओरडून राह्यलो होतो ना, कोणी नव्हतं. फक्त माश्या होत्या. तसंच वाटलं. एका पोट्ट्यानं ढकलत गाडी घरी आणली. लिव्हर काढून टाकला."

मी त्या वळणाकडे पाहिलं.

"तू बाजूले असली का नाई वाटत," ते म्हणाले. "मले तेव्हाच सांगाले पाहिजे होतं. सांगितलं नाई. तू राह्यली असती म्हणून सांगितलं नाई, आन् तू राह्यली तरी सांगितलं नाई."

त्यांच्या शेजारी पायरीवर जागा होती. मी बसले नाही. मी घरात गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. बसायला काय हरकत होती! पण त्या क्षणी मला फक्त माझी वर्षं दिसत होती.

लग्न झालं, मी सासरी गेले. मायने नंतर सांगितलं की तिने स्वतःहून डावीकडे बसून पाहिलं. दोन दिवस प्रयत्न केला. तिचा पाय पेडलावर इतक्या जोराने जायचा की गाडी दर वेळी बंद पडायची, आणि बाबा तिला 'असू दे' म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तेच मांडवात गेले नाहीत. त्यांना पुढे लाकूड-डेपोच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. आलेले-गेलेले ओंडके मोजायचे आणि खडूने खूण करायची.

दोन वर्षांनी मी तान्ही मुलगी घेऊन माहेरी आले. मांडवात गाडी नव्हती. गोणपाटं अंथरलेली होती आणि त्यांवर सगळे भाग उघडून, धुऊन, पुसून, ओळीने मांडलेले होते. ओळीत एकही चूक नव्हती. तट्टे वाळवीने खाल्ले होते, ते जाळले असं बाबा म्हणाले. चाकं कोणी बैलगाडीसाठी नेली. दिवे गुरुजींच्या मुलाने मागितले.

"इंजिन धानाच्या गिरणीवाल्याले देऊन राह्यलो," ते म्हणाले. "चालते अजून. बंद ठिवून सडवाचं कायले?"

इंजिन जोडून बैलगाडीतून न्यायचं होतं, म्हणून त्या आठवड्यात आम्ही ते दोघांनी मिळून पुन्हा जोडलं. मुलगी झोळीत निजलेली असायची. माझे हात सगळं विसरलेले नव्हते. एकदा ते म्हणाले, "व्हॉल्व्ह पाहा, अजून कसे बसते." एकदा मी म्हटलं, "त्या दिवशी मी ओरडाले नको होती." ते म्हणाले, "तो दहा नंबरचा पाना दे."

गिरणी दोन कोसांवर होती. तिथे उतरवल्यावर बाबांनी गिरणीवाल्याला सगळं समजावलं. तेल कधी बदलायचं, पाणी कुठलं घालायचं, थंडीत चालू करताना काय करायचं. गिरणीवाला हो हो म्हणत धानाच्या पोत्यांकडे बघत होता. त्याने पट्टा चढवला, दांडा मारला आणि इंजिन लागलं. तुसाची धूळ उडायला लागली. बाबांनी एका हाताने दाराची चौकट धरली होती. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि मग म्हणाले, "चाल."

परतताना ते बैलगाडीत मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसले. मी मुलीला घेऊन त्यांच्या शेजारी. गिरणीचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता. तो ऐकू येईनासा झाल्यावर त्यांनी मुलीच्या पायावरचं फडकं नीट केलं आणि विचारलं, "रातीचं दूध नीट पिते ना ही?"

मी म्हटलं, "पिते."